भाची माणसांवर प्रयोग करते म्हणे!

गेल्या महिन्यात एका लग्नाला गेले होते. हल्ली पंगती नसतात, त्यामुळे ताटली हातात धरून उभ्या उभ्या गप्पा. नात्यातल्याच एका गृहस्थांनी माझ्या भाचीला विचारलं, "काय गं, अजून ते माणसांवर औषधांचे प्रयोगच करतेस का? की लागलीस कुठे नीट नोकरीला?" चारचौघं हसले. भाचीही हसली. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना. तिथे भांडले नाही, कारण वरमाई माझी चुलत नणंद. (गृहस्थ हा ब्लॉग वाचतात, म्हणून नाव घेत नाही. पण भावजी, आजचं सगळं तुमच्यासाठीच आहे बरं का!)

भाची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, मायक्रोबायॉलॉजीची बी.एस्सी. नंतर कसलासा डिप्लोमा केला आणि गेली बावीस वर्षं ती 'स्टडी कोऑर्डिनेटर' आहे. कधी एखाद्या नव्या औषधाची इस्पितळातली चाचणी, कधी गावोगाव फिरून करायचा आरोग्याचा अभ्यास. मोठे डॉक्टर 'प्रमुख संशोधक' असतात. सही त्यांची, कायद्याने जबाबदारीही त्यांची. पण पेशंटजवळ बसून, "आजी, हे काय आहे ते नीट ऐका, मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा," असं सांगणारी बहुतेक वेळा ही असते.

मला आधी वाटायचं, कारकुनी असेल. एकदा सुट्टीत तिच्याकडे आठ दिवस राहिले, तेव्हा डोळे उघडले. समजा, एखाद्या बाईला पहिल्या डोसनंतर 28व्या दिवशी तपासायचं आहे. दोन-तीन दिवस मागेपुढे चालतात, त्याला हे लोक 'विंडो' म्हणतात. आता आपल्या माणसांना विंडो कुठली कळायला? त्यांना वारी कळते, कापणी कळते, मयत कळते. 28वा दिवस नेमका लेकीच्या डोहाळजेवणाच्या गडबडीत येतो आणि बाई काही येत नाही. मग आमची भाची एसटीने तिच्या गावाला. तिकडे आधी डोहाळजेवणाचं ताट, मग रक्तदाब.

पेशंट इस्पितळात दाखल झाला किंवा दगावला, तर 24 तासांच्या आत ते कळवावं लागतं. त्याचा औषधाशी संबंध असो की नसो. मोटरसायकलवरून पडला तरी! रविवार नाही, दिवाळी नाही. मी होते त्या आठवड्यातच रात्री साडेअकराला फोन वाजला आणि ही स्वेटर चढवून निघाली.

आणि सगळ्यात मला आवडली ती खाडाखोडीची शिस्त. आकडा चुकला तर खोडरबर नाही, व्हाइटनर तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, आपली आद्याक्षरं आणि तारीख. चूक झाली ती दिसली पाहिजे आणि कुणी दुरुस्त केली तेही दिसलं पाहिजे. हजेरीपटाला व्हाइटनर फासणाऱ्या सहकाऱ्यांशी मी तीस वर्षं भांडले हो! माझं म्हणणं कुणी ऐकलं नाही, आणि इथे भाचीच्या खात्यात तोच नियम!

आता कुणी म्हणेल, याने होतं काय? गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1990च्या दशकात 39 गावांत तिथल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ कसं तपासायचं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा हे शिकवलं. तुलनेला 47 गावं होती. तिथे नेहमीचीच व्यवस्था. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आला: नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. पुढे 2011 मध्ये सरकारने आशाताईंकरवी हेच काम देशभर सुरू केलं. डॉक्टरांचं कौतुक झालं ते योग्यच. पण तो 62चा आकडा काही आभाळातून पडला नाही. कुणाचं तरी मूल जन्मलं, कुणाचं तरी गेलं, आणि ते कुणीतरी त्या घरी जाऊन, ओसरीवर बसून लिहून घेतलं. दोन्हीकडच्या गावांत, सारख्याच काटेकोरपणे. एका बाजूची मयत लिहायची राहून गेली असती तर आकडाच खोटा ठरला असता.

पुण्याजवळच्या सहा गावांतही तसंच. 1993 साली केईएम रुग्णालयातल्या डॉ. यांज्ञिकांनी (चुकलं, याज्ञिकांनी! पाहा, इथे रेघ मारता येत नाही) आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबी राखून असतात, हे त्यातून दिसलं. ती बाळं मोठी झाली, तरुण झाली, तरी त्यांचा पाठपुरावा चालू राहिला. माझ्या वर्गातली मुलं दहा वर्षांनी कुठे असतात हे मला सांगता येत नाही!

असो. आता भावजींच्या टोमण्यात जे खरं आहे त्याकडे वळते. भीती काही उगाच नाही.

2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. 2010 मध्ये तो थांबवावा लागला. काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला होता. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण संमतीपत्रांचं जे बाहेर आलं ते भयंकर होतं. 2013च्या संसदीय समितीच्या अहवालात आकडे आहेत. आंध्रातली 9,543 संमतीपत्रं पाहिली, त्यांतल्या 1,948 पत्रांवर अंगठे होते आणि 2,763 पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांसारख्यांच्या सह्या. आईबापांच्या नव्हेत. लस वाईट नव्हतीच. त्याच रोगावरची पुण्यात तयार झालेली सर्वावॅक 2023 मध्ये आली, आणि माझ्या नातीला मी स्वतः घ्यायला लावली. वाईट होती ती सही.

हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. कारण तसल्या सह्या मीही केल्या आहेत.

मी मुख्याध्यापिका असताना एक वर्ष कसल्याशा आरोग्य पाहणीची मंडळी शाळेत आली. मुलींचं रक्त घ्यायचं होतं. पालक ऊसतोडीला गेलेले. आलेला माणूस म्हणाला, "बाई, तुम्हीच तर पालक यांच्या!" ऐकून मला काय बरं वाटलं, सांगू! मधल्या सुट्टीत चहा पिता पिता चाळीसेक सह्या केल्या. एक कागद वाचला नाही. एक सहावीतली मुलगी सुई बघून मागच्या दाराने पळाली, तर शिपाई पाठवून तिला परत आणवली आणि वर सगळ्यांदेखत "भित्री भागूबाई" म्हटलं. त्या रक्ताचं पुढे काय झालं, कुणाला किती हिमोग्लोबिन निघालं, शाळेला काही कळलं नाही. मीही विचारलं नाही.

ही गोष्ट मी भाचीला बऱ्याच वर्षांनी सांगितली, जरा हसत हसतच. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, त्या मुलीने 'नाही' म्हटलं होतं ना?"

तर भावजी, हिच्यासारखी माणसं नसतात तिथे माझ्यासारख्या बाया सह्या करतात! तुमचा राग माणसांवर प्रयोग होतात याचा असेल, तर 2021 साली दंड दाखवत लसीचा फोटो ग्रुपवर कुणी टाकला होता? कोविशील्डची भारतातली चाचणी 2020च्या ऑगस्टमध्ये पुण्यात सुरू झाली, देशभरात 1,600 स्वयंसेवक होते. तीही माणसंच की! त्यांना कुणीतरी समजावलं, कुणीतरी त्यांचा ताप लिहून घेतला, तेव्हा तुमचा दंड पुढे आला.

सरकारने काही केलं नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या आदेशानंतर संमती घेताना चित्रीकरण सक्तीचं झालं. (2015 मध्ये ते काही ठरावीक चाचण्यांपुरतं केलं.) भाची सांगते, कॅमेरा लावला की आजीबाई आधी पदर सारखा करतात आणि मग काहीही विचारलं तरी "हो हो" म्हणतात, वाढदिवसाचं शूटिंग असल्यासारखं. तेव्हा कॅमेऱ्याने फार काही होत नाही. समोरचा माणूस थांबून ऐकणारा लागतो.

आणि भाषा लागते. इथे मी फार चिडते. भाची मला अधूनमधून जुने, वापरून झालेले नमुने वाचायला दाखवते. "सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपणांस यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल." मराठी घेऊन बी.ए. झाले, हयातभर मराठी शिकवलं, मला ते दोनदा वाचावं लागलं. चौथी शिकलेल्या बाईने काय करायचं? मी लिहून दिलं, "दोन औषधं आहेत. तुम्हाला कोणतं मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही. चिठ्ठी टाकून ठरवावं तसं ते कॉम्प्युटर ठरवेल." भाचीने आपल्या नव्या अभ्यासाच्या मसुद्यात ते घातलं. पण तिथला रिवाज असा, की मराठी मजकूर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घेतात आणि मुळाशी ताडून बघतात. चुका पकडायला ते चांगलंच आहे म्हणा. पण मूळ इंग्रजीत चिठ्ठी कुठली? शेरा आला, "मुळाशी जुळत नाही." आणि 'यादृच्छिक' पुन्हा आपल्या जागी! कागद इंग्रजीशी जुळला, मग बाईला कळो न कळो.

आता 'नीट नोकरी'. बावीस वर्षांत भाचीला सात नेमणूकपत्रं मिळाली. अभ्यास संपला की नोकरी संपली. निधी लांबला की पगार लांबला. निबंध छापून येतो तेव्हा वर नावं डॉक्टरांची, आणि शेवटी बारीक टायपात 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार'. नावगाव काही नाही. हे बदलायला कुणाची हरकत असावी हे मला कळत नाही. दोन अभ्यासांच्या मधल्या चार-सहा महिन्यांचा पगार आधीच निधीत धरायला हवा, आणि ज्याने रात्री साडेअकराला स्वेटर चढवला त्याचं नाव निबंधात आलं पाहिजे. पण आपण घरचीच माणसं तिला बुफेच्या रांगेत 'नीट नोकरी' विचारतो, तर संस्थांनी तिला कायम का करावं?

आणखी एक, विशेषतः माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकांसाठी. चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नीतिसमित्यांवर डॉक्टर-वकिलांखेरीज एक साधा नागरिक असावाच लागतो. नियमच आहे तसा. मी एका इस्पितळाला पत्र पाठवलंय, पेन्शनर आहे, वेळ आहे, मराठी येतं. अजून उत्तर नाही. आलं तर कळवीनच.

भाचीचं सातवं नेमणूकपत्र मार्चअखेर संपतंय. भावजी, दिवाळीला याल तेव्हा ती शिरूरच्या बाजूला कुठेतरी फिरतीवर असेल, तेव्हा तिची चौकशी माझ्याकडेच करा.