हैद्राबादेस केव्हा जावे?

नाताळचा सण आटोपला, देवळातील गोठा आवरून ठेवला, की आमच्या दाराशी लग्नघरची माणसे येऊ लागतात. नावनोंदणी, साक्षीदार, तारीख इत्यादी बोलणी झाल्यावर उठता उठता एखादा गृहस्थ हमखास विचारतो, "फादर, बस्ता बांधायला हैद्राबादेस जायचा विचार आहे. कधी जावे?" प्रश्न साधा दिसतो. परंतु या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी स्वतः एकदा दिले आहे. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

मराठवाड्यातील कुटुंबांना हैद्राबाद परके नाही. १९५६ पर्यंत आपले पाच मराठी जिल्हे हैद्राबाद राज्यातच होते. कोर्टकचेरी, शिक्षण, नोकरी यांसाठी आपले आजोबा-पणजोबा त्याच शहराची वाट धरीत. रात्री जालन्यास किंवा परभणीस गाडीत बसावे आणि सकाळी काचीगुड्यास उतरावे, हा परिपाठ आजही मोडलेला नाही. काचीगुड्याहून सुलतान बाजार फार लांब नाही. इंग्रज रेसिडेंटाच्या कोठीलगत वसलेली ही पेठ पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखली जाई. १९३३ साली ती निजामाकडे परत आली आणि तिला सुलतान बाजार हे नाव मिळाले. मराठी माणसांनी १९०७ साली स्थापिलेली विवेकवर्धिनी शाळा जवळच जांबागेत आहे. फेब्रुवारी २०२० पासून या बाजाराच्या डोक्यावरून मेट्रोही धावते. खाली मात्र त्याच अरुंद गल्ल्या, तीच कापडाची दुकाने, आणि रस्त्याच्या कडेला त्याच हातगाड्या.

आता हवामानाकडे वळू. हैद्राबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर वसले आहे. समुद्र दूर असल्यामुळे त्याचा थंडावा तेथवर पोहोचत नाही. आसपास सर्वत्र काळे-करडे खडक. ते दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडीत राहतात. मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरी ३९ अंशांच्या आसपास असते. २ जून १९६६ रोजी तर ते ४५.५ अंशांवर गेले होते. म्हणजे जून उजाडला की ऊन सरले, असे समजण्यात अर्थ नाही. पाऊस येईपर्यंत त्याचा जोर टिकतो.

आणि आपली माणसे नेमकी त्याच दिवसांत निघतात! त्याला कारणही आहे. उपवासकाळात लग्ने लावण्याची आपल्यात प्रथा नाही. म्हणून ईस्टरनंतर, एप्रिल-मे महिन्यांत, लग्नांची एकच गर्दी उसळते. शाळांना सुटी, शेतात काम कमी, मग बस्ताही त्याच वेळी बांधावयाचा. काही वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबास मी म्हणालो होतो, "मुलांना सुटी आहे, मे महिन्यातच जा. मीही येतो." सल्ला माझाच होता.

नवरी मुलगी, तिचे आईवडील, दोन लहान भावंडे आणि सत्तरी ओलांडलेली आजी, असे आम्ही निघालो. सुलतान बाजारात दुपारचे दोन वाजले. पाचवे दुकान झाले, साडीचा रंग पसंत पडेना. आजी दुकानाच्या पायरीवर बसली होती. कोणीतरी तिला विचारले, "पाणी हवे का?" ती म्हणाली, "नको, तुमचे चालू द्या." थोड्या वेळाने ती बसल्या जागीच कलंडली. अंग तापलेले, पण घामाचा टिपूस नाही. आम्ही सारे गोंधळून गेलो. समोरच्या हातगाडीवरचा बांगड्या विकणारा मनुष्य मात्र धावत आला. "अम्मा कू पहले छाँव में बिठाव," असे म्हणून त्याने गाडीवरची ताडपत्री तिच्यावर धरली, आपल्या माठातले पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर शिंपडले, आणि रिक्षाही त्यानेच थांबविली. दोन दिवस दवाखान्यात काढून आजी बरी झाली. मी भेटावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, "फादर, तहान लागली होती हो. पण मी उठले असते तर पोरीची खरेदी अडली असती."

वाचकहो, हे वाक्य मी विसरू शकलो नाही. वय झाले की शरीराला तहानेची जाणीव मुळातच कमी होते. आणि जी होते, तीही आपली म्हातारी माणसे बोलून दाखवीत नाहीत. कोरड्या हवेत घाम लागलीच वाळून जातो, त्यामुळे अंगातील पाणी किती गेले हे सोबतच्यांनाही कळत नाही.

पावसाळ्यात ऊन नसते, ही गोष्ट खरी. वर्षभरात तेथे सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने तो थोडाच. परंतु तो कधी कधी एकदम कोसळतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली. आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. त्या आपत्तीनंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधण्यात आले. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलेच. जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यास हरकत नाही. पण आकाश पाहून निघावे, आणि रस्त्यावर पाणी साचले असता त्यात पाऊल घालू नये.

राहिला हिवाळा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दुपार सुसह्य असते. जानेवारीत पहाटे तापमान पंधरा अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा शाल सोबत असावी. लग्नघरांसाठी माझा हिशेब सोपा आहे: तीन राजांच्या सणानंतर निघावे आणि राखेच्या बुधवारापूर्वी बस्ता बांधून परत यावे. त्यातही संक्रांतीचे तीन-चार दिवस टाळावेत. त्या दिवसांत सारे शहर आपापल्या गावी निघालेले असते, गाड्यांत पाय ठेवावयास जागा मिळत नाही. नामपल्लीच्या मैदानावर भरणारे मोठे प्रदर्शन, ज्याला तेथे 'नुमाईश' म्हणतात, तेही १ जानेवारीस सुरू होऊन साधारणतः दीड महिना चालते. मुलांची शाळा दोन दिवस बुडेल, हे मला मान्य आहे. गुरुजींना आधी सांगून ठेवावे. अभ्यास भरून काढता येतो.

काहींना मात्र ऋतू निवडता येत नाही. कोणी रुग्णास घेऊन जातो, कोणी मुलाच्या प्रवेशासाठी, कोणी कामासाठी. त्यांनी निदान वेळ निवडावी: अकराच्या आत कामे उरकावीत, दुपार छपराखाली काढावी, पुन्हा पाचनंतर निघावे. मीठ-साखर घातलेले पाणी जवळ बाळगावे, आणि म्हाताऱ्यांना "हवे का?" असे न विचारता पेला हातातच द्यावा.

तो बांगडीवाला मे महिन्यातही तेथेच उभा असतो. त्याला ऋतू निवडण्याची मुभा नाही. पुढच्या खेपेस मी जानेवारीत गेलो, तेव्हा आजीने त्याच्यासाठी घरच्या तुरीची डाळ माझ्याबरोबर पाठविली. गाडी जागेवरच होती. त्याने पुडके हातात घेतले आणि पहिला प्रश्न केला, तो अम्मा कशी आहे, हा.

यंदा ज्यांच्या घरी लग्न आहे, त्यांनी तारीख ठरविण्यापूर्वी घरातील सर्वांत थकलेल्या माणसाजवळ दोन घटका बसावे. त्याला झेपेल, तोच मुहूर्त धरावा.