‘कॅल्क्युलेटेड रिस्क’ म्हणता, मग कॅल्क्युलेशन कुठंय?



केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात चहाच्या टपरीवर धंद्याचा विषय काढा. ‘हाय रिस्क, हाय रिटर्न’, ‘कॅल्क्युलेटेड रिस्क’, ‘रिस्क-फ्री’ हे शब्द हमखास कानावर येतात. आमच्यासारख्यांच्या व्हिडिओतूनच ते पसरले, म्हणजे थोडा दोष माझाही आहे. पण माझं मत ऐका: या जोड्या बोलायला भारी वाटतात आणि त्यांच्या आड हिशोब करायचा राहून जातो.

इंग्रजीत ‘टेक अ रिस्क’ म्हणजे सहसा ठरवून घेतलेली जोखीम. ‘रन अ रिस्क’ म्हणजे बरेचदा न ठरवता ओढवून बसलेला धोका. कोरडवाहू सोयाबीन पेरणाऱ्या बापाला पाऊस विचारून लांबत नाही. दुबार पेरणी गळ्यात पडते. दुकान टाकणाऱ्या पोराला मात्र ‘नको’ म्हणायची सोय असते. म्हणून त्यानं आकडा मांडलाच पाहिजे.

कसा मांडायचा? समजा, मिरची-मसाला कांडपाचं मशीन घ्यायचंय, किंमत 1,20,000. धंदा बसला आणि मशीन 70,000 ला विकलं, तर 50,000 गेले. सहा महिन्यांचं गाळाभाडं 15,000. वाया गेलेला माल आणि वीजबिल 15,000. एकूण 80,000. आता खरा प्रश्न: हे 80,000 गेले तर घर चालेल का? की वावर विकावं लागेल, मुकादमाकडून उचल घ्यावी लागेल? आणि उन्हाळ्यात कांडप जोरात चालतं, पण पावसाळ्यात मशीन उभं राहिलं तरी हप्ता उभा राहत नाही. हे सगळं वहीत लिहिलंत तर ती कॅल्क्युलेटेड रिस्क. नाहीतर नुसताच जुगार, इंग्रजी नावाचा.

दुसरी फसवी जोडी ‘कोलॅटरल-फ्री’. मुद्रा योजनेत किशोर गटात 50,000 च्या वर 5 लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. बरेच जण याचा अर्थ ‘रिस्क-फ्री’ असा लावतात. भाऊ, सरकारची हमी असते ती बँकेसाठी, तुमच्यासाठी नाही. हप्ते थकले तर वसुली तुमच्याकडूनच होणार आणि सिबिलही तुमचंच खराब होणार.

‘हाय रिस्क, हाय रिटर्न’मध्ये तर एक शब्दच गाळलेला आहे: ‘कदाचित’. जास्त जोखमीत जास्त परतावा मिळू शकतो; मिळतोच असं असतं तर तिला जोखीम कशाला म्हटलं असतं? मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकलेली माणसं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांना जास्त व्याज दिसलं, त्यामागची जोखीम दिसली नाही.

मग जोखीम घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण कुंपण घालून. उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं आहे. 2020 च्या खरिपात पीक विम्याचा ‘बीड पॅटर्न’ आला. हप्त्याचे 100 रुपये जमले तर विमा कंपनीची भरपाईची जबाबदारी 110 रुपयांपर्यंत, त्यावरचा भार सरकारचा. भरपाई कमी द्यावी लागली तर कंपनीनं 20 रुपये ठेवायचे, उरलेले सरकारला परत करायचे. नफा किती आणि तोटा किती, दोन्हींची हद्द आधीच ठरली. विमा कंपनीसारखी मोठी संस्था हद्द ठरवून उतरते आणि आपण मात्र ‘बघू पुढचं पुढं’ म्हणून उडी मारायची?

म्हणून ‘हाय’, ‘लो’ सोडा आणि तीन गोष्टी साध्या मराठीत लिहा: किती रुपये जाऊ शकतात, ते कुणाचे आहेत, आणि कोणत्या तारखेला थांबायचं. कागद घरच्यांना, विशेषतः आईला किंवा बायकोला वाचून दाखवा. त्यांना पटला नाही, तर मशीनचा ॲडव्हान्स आज देऊ नका.