नाक की फणा?

थेरगावात डांगे चौकाच्या सिग्नलला उभं राहिलं की समोरची प्रत्येक गाडी आपल्याकडे टक लावून बघत असते. दोन दिवे म्हणजे डोळे, मधली जाळी म्हणजे तोंड. जुनी मारुती ८०० बिचारी साधीभोळी दिसायची, हल्लीच्या एसयूव्ही मात्र कायम कुणावर तरी डाफरत असतात. घरी यावं तर फरशीच्या नक्षीत म्हातारा, स्लॅबच्या ओलीत उंट... आपल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मात्र चेहरा पटकन दिसत नाही, कारण तोंड वर आणि डोळे खाली. उलटे चेहरे ओळखण्यात मेंदू कच्चा असतो. शीर्षासन करून बघा, लगेच दिसेल!

याला पॅरिडोलिया असं भारदस्त नाव आहे. आपण सरळ 'भास' म्हणतो आणि ज्याला होतो त्याला हसतो. माझा आक्षेप त्या हसण्याला आहे.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यात बग दिसत नाही, सेटिंग दिसतं. चेहरे शोधणाऱ्या प्रोग्रॅमला एक मर्यादा ठरवून द्यावी लागते. ती कडक ठेवली तर खरे चेहरे सुटतात, सैल ठेवली तर भिंतीवरचं घड्याळही माणूस ठरतं. आपल्या मेंदूची सैल आहे. बहुधा त्यातच शहाणपण होतं, कारण झुडपात नसलेला वाघ दिसला तर एक दचकणं वाया जातं, असलेला दिसला नाही तर विषयच संपला. हे सगळं आपण विचार करायच्या आधीच होऊन जातं. शिकलेला-अडाणी, भाविक-नास्तिक, कमीअधिक प्रमाणात सगळ्यांनाच हे होतं. आपल्या पूर्वजांना हे पक्कं माहीत असणार. शेंदूर फासलेल्या तांदळ्याला नाक-कान कोरायची गरज पडत नाही, चांदीचे दोन डोळे बसवले की देव आपल्याकडे बघायला लागतो.

पण मेंदू फक्त 'काहीतरी आहे' इतकंच सांगतो. काय आहे ते ज्याच्या त्याच्या घरून येतं. खंडाळ्याजवळचा तो प्रसिद्ध सुळका घ्या. आपल्या लोकांना तिथे नागाची फणा दिसली, म्हणून तो नागफणी. इंग्रजांना दिसलं ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक (हाच तो वेलस्ली, ज्याने १८०३ साली असईला मराठ्यांना हरवलं). दगड एकच राव! मनमाडजवळच्या सुळक्याला आपण हडबीची शेंडी म्हणतो, तर दुसऱ्यांना तो थम्स अप वाटतो. आणि आसनगावजवळच्या माहुलीच्या सुळक्यांत तर आपण अख्खं लग्नच लावून ठेवलंय. नवरा, नवरी, करवली आणि विधी करायला भटोबा. फक्त जेवणावळ तेवढी राहिली. चंद्रावरच्या डागांचं तेच, आपला ससा तर युरोपात माणूस.

आणि एकदा नाव सांगितलं की मग दुसरं काही दिसतच नाही. नाक म्हटल्यावर फणा शोधायला कष्ट पडतात. म्हणून मला सुळक्यापेक्षा नाव सांगणारा महत्त्वाचा वाटतो.

जुलै २०१८ मध्ये शिर्डीला द्वारकामाईच्या भिंतीवर साईबाबांचा चेहरा दिसतोय अशी बातमी पसरली, गर्दी झाली, फोटो आणि व्हिडिओ फिरले. डोक्याला फडकं आणि दाढी, इतका ओळखीचा आकार! ज्यांनी 'दिसला' म्हटलं ते खोटं बोलत होते असं मी अजिबात म्हणणार नाही. बाबांच्या ओढीने आलेल्या माणसाला, आधीच सांगून ठेवलेलं असताना, दिसणारच. घरातल्या वडीलधाऱ्यांना अशा वेळी वेड्यात काढणारे आमच्या हाफिसातले विज्ञाननिष्ठ वीर स्वतः मात्र ढगात डायनोसोर दाखवत असतात. यातून होतं एवढंच की मंडळी दुखावतात, आणि पुढच्या वेळी फोटो आला की आपल्याला न दाखवता पुढे पाठवतात.

कायद्याला ही रेघ बरोबर कळलेली आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं भांडले आणि जो २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर त्याच वर्षी झाला, त्यात कुणाला काही दिसण्यावर बंदी नाही. तथाकथित चमत्कार करून पैसे कमावणं, आणि असल्या चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसवणं, ठकवणं किंवा धाक दाखवणं, हा गुन्हा आहे.

तेव्हा भिंतीशी भांडू नका, बघणाऱ्याशी तर नकोच. तुमच्याकडे येणाऱ्या फोटोवर बहुतेक वेळा लाल वर्तुळ आणि बाण असतो, ते बघा. ते कुणीतरी बसून काढलेलं असतं. पाठवणाऱ्याकडे शांतपणे वर्तुळ नसलेला मूळ फोटो मागा, आणि तो मिळालाच तर काही न सांगता शेजारच्या पोराला दाखवा. त्याला उंट दिसण्याची शक्यता बरीच आहे.