पाणी जात पाहत नाही, मग मरणाऱ्यांचे पत्ते सारखेच कसे?

दर पावसाळ्यात मुंबई तुंबली की एक वाक्य हमखास ऐकू येते. पाणी गरीब-श्रीमंत पाहत नाही, पाणी जात विचारत नाही! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हापासून आम्ही हे वाक्य ऐकत आलो आहोत. ऐकायला ते मोठे समतावादी वाटते. पण ज्यांच्या घरात कधी कमरेएवढे पाणी शिरत नाही, त्यांच्याच तोंडी ते जास्त का असते, याचा विचार आपण करत नाही.

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. २०२५ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात मुंबईवरचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. संशोधकांनी २००६ ते २०१५ या दहा वर्षांतील पावसाच्या आणि मृत्यूच्या नोंदी शेजारी ठेवून तपासल्या. पावसाळ्यात मुंबईत होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी ८ टक्क्यांहून अधिक मृत्यू पावसामुळे झाले, असे त्यांना आढळले. या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे होते. लहान मुलांना सर्वात जास्त धोका, पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त धोका आणि समुद्राला भरती असताना मुसळधार कोसळला तर धोका आणखी वाढतो. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील झोपडपट्टीवासीयांचे प्रमाण साधारण ४२ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून कमी लोकांच्या वाट्याला पाच मृत्यूंपैकी चार मृत्यू. पाणी पत्ता विचारते, हे आता कागदावर सिद्ध झाले आहे.

सरकारी यादीत हे मृत्यू दिसत नाहीत. तिथे बुडालेले, दरडीखाली गाडले गेलेले आणि विजेचा धक्का बसलेले तेवढे येतात. तुंबलेल्या पाण्यातून चालत कामावर गेलेल्या बाईला आठ दिवसांनी लेप्टो होतो, नळात गटाराचे पाणी मिसळून पोराला जुलाब लागतात, रस्ता बंद म्हणून म्हातारा दवाखान्यात वेळेत पोहोचत नाही. या मृत्यूंवर 'पूर' असा शिक्का कोण मारणार?

पण या संशोधनाचे स्वागत करतानाच आम्ही एक प्रश्न विचारणार आहोत. पाऊस मोजला, भरती मोजली, वय मोजले, लिंग मोजले, झोपडपट्टी मोजली. जात कुठे आहे? दोष एकट्या संशोधकांचा नाही. मूळ सरकारी नोंदींतच जो रकाना नाही, तो ते कुठून आणणार? मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. शहरातील सुमारे ३५ टक्के लोक पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांपासून २५० मीटरच्या आत राहतात, हे त्या निमित्ताने समोर आले. हे ३५ टक्के कोण, हे मात्र समोर आले नाही. 'असुरक्षित घटक' हा गुळगुळीत शब्द वापरला की जातीचे नाव घ्यावे लागत नाही.

'झोपडपट्टी' या शब्दामागे कोण उभे आहे? २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १२.६ टक्के होते. झोपडपट्ट्यांत तेच प्रमाण २०.४ टक्के होते. हा योगायोग नव्हे. गावात आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर, गावाचे सांडपाणी जिकडे उतरते तिकडे जागा दिली गेली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, पश्चिम महाराष्ट्रातून माणसे मुंबईत आली, तेव्हा त्यांना कुठे जागा मिळाली? नाल्याच्या काठावर, खाडीच्या भरावावर, डोंगराच्या उतारावर, कचऱ्याच्या ढिगाशेजारी. जी जमीन दुसऱ्या कुणाला नको होती ती. गाव दुष्काळाने सोडायला लावले आणि शहरात पुराने गाठले. आपल्यासोबत याच काठावर मुस्लिम आहेत, भटके-विमुक्त आहेत, परप्रांतातून आलेले मजूर आहेत. त्यांचीही मोजणी झाली पाहिजे.

इथे एक आरोप हमखास होतो. 'हे लोक नाल्यावर अतिक्रमण करतात, म्हणून पूर येतो.' या आरोपाचे उत्तर मिठी नदीच देते. विमानतळाच्या धावपट्टीसाठी या नदीला काटकोनात वळणे घ्यायला कुणी लावले? मिठीच्या मुखाजवळच्या पाणथळ जमिनीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल कुणी उभे केले? ते काम झोपडीवाल्यांनी केले नाही, सरकारी नियोजनाने केले. तिथे काचेच्या इमारती उभ्या राहतात तेव्हा त्याला विकास म्हणतात. त्याच नदीच्या काठी पत्र्याची दहा बाय दहाची खोली उभी राहिली की ते अतिक्रमण! जमिनीचा हा नवा मनुस्मृतीसारखा कायदा आम्हाला मान्य नाही. काठावर घरे आहेत आणि तिथे प्रवाह अडतो, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या माणसांना दुसरी जागा परवडेल अशी सोय या शहराने कधी केली, ते आधी सांगा.

आता इंजिनिअरिंगकडे येऊ, कारण तांत्रिक शब्दांची भीती घालून आपल्याला गप्प बसवले जाते. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसासाठी होती. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायला सांगितली. अनेक नाल्यांची तोंडे समुद्राच्या पातळीजवळ असल्याने भरतीच्या वेळी पाणी बाहेर जात नाही, म्हणून पंपिंग स्टेशने उभारायची होती. अहवाल १९९३ चा, त्यावर धावपळ सुरू झाली २००५ च्या प्रलयानंतर. आठ पंपिंग स्टेशनांपैकी हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, इर्ला आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली. मोगरा आणि माहुल ही दोन वर्षानुवर्षे रखडली. माहुलच्या पंपांवर कुर्ला, चेंबूर, सायन हा पट्टा अवलंबून आहे. तिथे कोण राहते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

पाण्याइतकेच भिंतींनीही मारले. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाडा-आंबेडकर नगरात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत कोसळून तीसच्या आसपास माणसे मेली. जुलै २०२१ मध्ये माहुलच्या भारत नगरात आणि विक्रोळीत दरड व भिंत कोसळून पुन्हा तेच झाले. शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाची भिंत ज्यांच्यावर पडते, त्यांच्या घरात नळ असतो का? २००० नंतरच्या झोपडपट्ट्यांना पाणी नाकारता येत नाही, हे सांगायला २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. जुलैमध्ये घरात नाला शिरतो आणि मे महिन्यात पिण्याच्या पाण्याचा ड्रम विकत घ्यावा लागतो. पुराचा प्रश्न आणि चवदार तळ्याचा प्रश्न वेगळे नाहीत. पाण्यावर हक्क कुणाचा आणि पाण्याचा धोका कुणाच्या माथी, हे दोन्ही एकाच उतरंडीने ठरते.

आता 'हवामान अनुकूलन' नावाचा नवा शब्द आला आहे. समुद्र वाढणार, पाऊस कमी तासांत जास्त कोसळणार, म्हणून शहर बदलायला हवे. हे बरोबरच आहे. पण या शब्दाच्या आडून बुलडोझर आला तर? तानसा जलवाहिनीच्या काठावरून उठवलेल्या कुटुंबांना माहुलच्या रिफायनऱ्यांशेजारी नेऊन टाकले गेले. तिथली हवा राहण्यालायक नाही म्हणून लोकांना आंदोलन करावे लागले, न्यायालयात जावे लागले. एका धोक्यातून काढून दुसऱ्या धोक्यात टाकणे, याला पुनर्वसन म्हणायचे? उद्या नदीकाठ 'सुशोभित' होईल, जॉगिंग ट्रॅक होईल आणि आपली माणसे आणखी दूर फेकली जातील. मोजणीच्या यादीत आपण नसू, पण पाडकामाच्या यादीत पहिले असू.

या पूरव्यवस्थेचा सर्वात खालचा थर तर गटारातच उतरलेला असतो. २०१७ च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. त्याचे दुःख आम्हालाही आहे. त्यानंतर मॅनहोलला जाळ्या लावण्याची चर्चा शहरभर झाली. पण त्याच मॅनहोलमध्ये उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांसाठी शहर इतके कधी हळहळले? २०१३ चा कायदा आहे. भरपाई तीस लाख रुपये असावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्णयही आहे. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंदणी झाली, तेव्हा सुमारे ९२ टक्के कामगार अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे सुमारे ६९ टक्के. इथे रकाना होता म्हणून सत्य दिसले. पुराच्या नोंदींत तो नाही म्हणून 'पाणी जात पाहत नाही' हे वाक्य अजून खपते.

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, 'हवामान, पर्यावरण हे वरच्या वर्गाचे चोचले आहेत; आपले प्रश्न आरक्षण आणि अत्याचाराचे.' त्यांनी बाबासाहेब पुन्हा वाचावेत. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना दिशा दिली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसाच्या पुरांवर बोलताना त्यांनी आधीच्या तज्ज्ञांचा विचारच उलटा केला. जास्तीचे पाणी म्हणजे संकट, ते कसेही करून समुद्रात लोटायचे, ही समजूत चुकीची असल्याचे त्यांनी मांडले. पाणी ही जनतेची संपत्ती आहे, ते साठवून लोकांच्या उपयोगी आणले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. आज जग शहरांबाबत हेच सांगते आहे. पाणी मुरू द्या, साठवा, पाणथळ जागा वाचवा. हिंदमाता परिसरात मैदानांखाली टाक्या बांधून मुंबईने ते करूनही पाहिले. मग त्या टाक्या आपल्या वस्त्यांच्या वाट्याला का येत नाहीत?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पूर, दरड आणि साथीतील मृत्यू, नुकसानीचे पंचनामे आणि पुनर्वसनाच्या याद्या यांत जात व धर्माचा रकाना हवा. येत्या जनगणनेत जातनिहाय मोजणी होणार आहे, तिची प्रभागवार आकडेवारी पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांच्या नकाशाशी जोडून जाहीर करा. पुनर्वसन त्याच प्रभागात आणि लोकांच्या संमतीने करा. नालेसफाईचे बिल वस्तीतल्या समितीच्या सहीशिवाय मंजूर करू नका. मिठीतला गाळ काढण्याच्या कंत्राटांत २०२५ साली आर्थिक गुन्हे शाखेला गुन्हा नोंदवावा लागला, एवढे कारण पुरेसे आहे.

आणि मित्रांनो, सरकार रकाना देईपर्यंत वाट पाहू नका. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कोणत्या तारखेला, भरतीच्या किती वाजता, कोणत्या गल्लीत किती फूट पाणी आले, कोण आजारी पडले, कोण गेले, हे लिहा. भिंतीवर पाण्याची खूण करा आणि शेजारी तारीख टाका. माहिती अधिकारात नालेसफाईची कागदपत्रे मागा. शिकलेल्या पोरापोरींनी हे नकाशावर आणावे आणि प्रभाग कार्यालयाच्या टेबलावर आपटावे. ज्यांची नोंद नाही त्यांचे मरण व्यवस्था नाकारते. म्हणून नोंद करणे हेच आज आंदोलन आहे. शिका, संघटित व्हा, आणि पाणी कुठवर चढले ते लिहून ठेवा.

जय भीम! जय संविधान!