डॉक्टर आणि नर्स यांच्यामधली पायरी

बारावीचा निकाल लागला की घराघरांतून एकच प्रश्न निघतो. मुलीला बायॉलॉजीत गुण चांगले, पण एमबीबीएसचे काही जमत नाही, मग पुढे काय? हल्ली त्यावर ‘फिजिशियन असिस्टंट’ असे उत्तर मिळते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाला तपासायचे, त्याचा इतिहास लिहून घ्यायचा, उपचारांवर लक्ष ठेवायचे, असे हे काम. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १९६५ मध्ये नौदलातल्या माजी वैद्यकीय सेवकांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला, तो डॉक्टरांची टंचाई होती म्हणून. आपल्याकडे तो १९९२ मध्ये मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी आणला, आणि रुजला तो मोठ्या शहरांतल्या हृदयशस्त्रक्रियेच्या विभागांत. खेड्यातला दवाखाना राहिला बाजूलाच.

आता जरा बालाघाटला जाऊ. मराठवाड्यातले डोंगर नव्हेत, गोंदियाच्या पलीकडचा मध्य प्रदेशातला जिल्हा. आपल्यासारखाच सीमेवरचा, घरात एक बोली आणि कचेरीत दुसरी. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, त्याच दिवशी बालाघाटची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. बैहरकडच्या जंगलात बैगांच्या वस्त्या आहेत. तिथे एमबीबीएस डॉक्टर टिकवणे ही जुनीच अडचण.

पूर्वी या भागासाठी नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते. १९१४ मध्ये निघालेल्या या शाळेतून ‘एल.एम.पी.’ डॉक्टर बाहेर पडत. पदवीपेक्षा लहान अभ्यासक्रम, पण गावोगावच्या लोकांना परवडणारा डॉक्टर. भोर समितीने १९४६ मध्ये मोजले तेव्हा देशातल्या सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार असेच होते. तरी समितीने, काही सदस्यांचा विरोध असताना, यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा असावा असे ठरवले. हेतू चांगला होता. पण मधली पायरी काढली आणि वरची गावापर्यंत पोचलीच नाही!

बालाघाटला लागूनच असलेल्या छत्तीसगडने २००१ मध्ये ती पुन्हा घालून पाहिली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, कोर्ट-कचेऱ्या झाल्या आणि काही वर्षांत प्रवेश बंद पडले. शिकून बाहेर पडलेल्यांना मात्र ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. २०१० मध्ये त्यांची पाहणी झाली, तेव्हा नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. हे फारसे कुणी सांगत नाही.

२०१८ पासून उपकेंद्रांवर ‘कम्युनिटी हेल्थ ऑफिसर’ येऊ लागले. रक्तदाब, मधुमेह तपासणे, ठरलेली औषधे देणे ही कामे त्यांच्याकडे आहेत. पण या जागांवर नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पात्रता असलेले घेतात, आणि नेमणुका बहुधा कंत्राटी. फिजिशियन असिस्टंटचे नाव २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यात आले, त्यामुळे पदवीला आधार मिळाला. तरी स्वतंत्रपणे दवाखाना थाटता येत नाही, हे फी भरण्याआधी पक्के समजून घ्या. मुलीला खेड्यात काम करायची ओढ असेल तर बी.एस्सी. नर्सिंगचा फॉर्मही भरून ठेवा, आणि कॉलेजात एकच विचारा: इंटर्नशिप कुठल्या इस्पितळात, आणि मागच्या तुकडीतल्या मुली आज कुठे आहेत?