ई-चलन : दंडाइतकीच दादही महत्त्वाची

चौकातील हवालदाराच्या शिट्टीची जागा आता खांबावरच्या कॅमेऱ्याने घेतली आहे. मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये ई-चलन पद्धत सुरू झाली, तेव्हा रस्त्यावरची हुज्जत आणि तिच्या आडून चालणारी चिरीमिरी थांबेल, अशी अपेक्षा होती. ती काही अंशी पूर्ण झाली. पण वसुलीचा नवाच प्रश्न उभा राहिला. हवालदाराने अडवलेला चालक दंड भरूनच सुटत असे; मोबाइलवर आलेला संदेश मात्र सहज नजरेआड करता येतो.

केंद्राने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. महाराष्ट्राने सुधारित तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. येथे 'तडजोड' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याच्या कलम २०० नुसार हे शुल्क भरले की ते प्रकरण तेथेच मिटते. म्हणून चलन चुकीचे वाटत असेल, तर आधी तक्रार आणि मग पैसे, हाच क्रम योग्य. मद्यपान करून वाहन चालवण्यासारख्या गुन्ह्यात तर ही सवलतच नाही. तेथे न्यायालयात जावे लागते.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणेद्वारे होणाऱ्या कारवाईसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केले. गुन्ह्याचे छायाचित्र, ठिकाण, तारीख व वेळ यांची नोंद त्यांत अपेक्षित आहे. साहजिकच वाहनमालकाने प्रथम छायाचित्रातील वाहन आपलेच आहे का, हे पाहावे. बनावट क्रमांकपट्टी लावलेल्या वाहनाचा दंड खऱ्या मालकाच्या माथी बसू शकतो. जुनी दुचाकी विकूनही नोंदणी बदलली नसेल, तर नव्या चालकाच्या चुकांची नोटीस मूळ मालकाकडेच येते. अशा वेळी पुराव्यासह वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात तक्रार नोंदवणे हिताचे. पैसे भरण्यासाठी मात्र अनोळखी संदेशातील दुवा उघडू नये. चलनाच्या नावाखाली खाते रिकामे करणाऱ्या टोळ्या सक्रिय आहेत.

लोकअदालतीत सूट मिळेल, या आशेवर दंड थकवण्याची वृत्तीही वाढली आहे. लोकअदालतीचा निवाडा परस्परसंमतीने होतो आणि त्यावर अपील नसते, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रामाणिकपणे वेळेत भरणाऱ्याला पूर्ण दंड आणि टाळणाऱ्याला सवलत मिळू लागली, तर कायद्याचा धाक उरणार नाही.

तथापि, दोष केवळ नागरिकांचा नाही. खासगी मोबाइलवर छायाचित्रे काढून चलन करू नका, असे राज्याच्या वाहतूक पोलिसांना २०२५ मध्ये परिपत्रकाद्वारे आपल्याच कर्मचाऱ्यांना बजावावे लागले. दंड भरण्यासाठी मुदत घालणाऱ्या यंत्रणेने तक्रारीचा निकालही मुदतीत आणि कारणांसह द्यायला हवा. दंडाची पावती काही क्षणांत मिळते. न्यायासाठी मात्र महिनोन् महिने थांबावे लागले, तर शिस्तीऐवजी रोषच वाढेल.