डिझेलातलं स्वयंभू पाणी

डिझेलमध्ये पाणी असू शकतं, हा शोध आपल्या व्यवस्थेला 26 जून 2025 च्या रात्री लागला. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या रतलामजवळ एका पंपावर डिझेल भरून निघाल्या आणि थोड्याच अंतरावर आचके देत एकामागून एक उभ्या राहिल्या. टाक्या उतरवल्या. वीस लिटरमागे दहा लिटर पाणी, असा हिशेब तिथल्या अधिकाऱ्यांनीच सांगितला. लगेच इंदूरहून दुसऱ्या गाड्या मागवल्या, पंपाला सील ठोकलं. काय ती तत्परता! त्याच पंपावर ट्रकमध्ये दोनशे लिटर भरून अडकलेला एक ड्रायव्हरही होता म्हणे. त्याच्यासाठी इंदूरहून काय आलं, ते माझ्या वाचनात नाही.

ताफा बंद पडला की पाणी सापडतं. ट्रॅक्टर बंद पडला की ड्रायव्हरची चूक सापडते. रसायनशास्त्राचा हा नियम पुस्तकात नाही, पण पंपावर तोंडपाठ आहे.

आम्ही येलदरीचे. पूर्णा नदीवरचं 934 दलघमीचं धरण उशाशी घेऊन झोपणारी माणसं. 1968 साली धरण पूर्ण झालं, पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं पॉवर हाऊस आहे. एवढं असून बॅकवॉटरच्या काठाला डिझेल इंजिनं धडधडतातच, कारण शेतीपंपाची वीज पाळीनं येते आणि तिची पाळी बहुधा आमच्या झोपेच्या वेळी असते. म्हणजे बघा, धरणाचं पाणी वीज करतं, ती वीज ग्रीडला जाते, उरलेलं पाणी उपसायला आम्ही डिझेल आणतो आणि त्या डिझेलात पुन्हा पाणी. जलनियोजनाचं इतकं परिपूर्ण वर्तुळ कुठल्या तज्ज्ञ समितीला आखता आलं असतं का?

परवा ट्रॅक्टर पिकअप घेईना. मिस्त्रीनं फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडला आणि जे आलं ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं. बाटली रात्रभर ओट्यावर ठेवली. सकाळी तळाला चांगलं बोटभर गढूळ पाणी, वर पिवळसर डिझेल आणि दोघांच्या मधोमध तपकिरी, चिकट पापुद्रा. बाटली तिरकी केली तरी तो फाटेना, नुसता लोंबायचा. वास कुजल्यासारखा. मिस्त्री म्हणाला, "शेवाळ धरलंय." म्हणू दे. फक्त हे शेवाळ उन्हावर जगत नाही, तुमच्या-माझ्या डिझेलवर जगतं.

डिझेल आणि पाणी हे कट्टर द्वैतवादी. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्याची घनता 0.83 च्या आसपास. त्यात पाणी विरघळतं ते नावाला, बाकीचं निमूट तळाशी जाऊन बसतं. आणि या द्वैताच्या सीमारेषेवर वस्ती होते. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी, स्यूडोमोनाससारखे जीवाणू. राहायला पाणी, जेवायला डिझेल, वर टाकीचं पत्र्याचं छप्पर. घरकुल योजनेतसुद्धा एवढ्या सोयी एका ठिकाणी मिळत नाहीत. ही मंडळी चिकट बुळबुळ सोडतात, ती फिल्टरला जाऊन बसते. आम्लं सोडतात, त्यानं टाकी गंजते. 1950-60 च्या दशकांत यांनी जेट विमानांच्या टाक्या नासवल्या आणि भल्या भल्या हवाई दलांना घाम फोडला. तेव्हा जिंतूर तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरनं लाजायचं कारण नाही.

तर ती बाटली घेऊन मी पंपावर गेलो. कुठला पंप ते सांगत नाही. सगळ्याच पंपांचे मॅनेजर एकाच गुरुकुलातून बाहेर पडलेले असतात, त्यामुळे फरक पडू नये.

"आता सगळ्यात इथेनॉल आलंय ना साहेब, ते पाणी ओढतं," मॅनेजर म्हणाले. इथेनॉल पाणी ओढतं हे खरंच आहे. फक्त ते पेट्रोलमध्ये मिसळतात. पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये नाही. हे सांगितल्यावर ते जराही न डगमगता दुसऱ्या सिद्धांताकडे वळले. "मग तुमच्या कॅनमध्ये असेल." कॅन आणलाच नव्हता, नोझल थेट ट्रॅक्टरच्या टाकीत होतं. "मग हवेतलं असेल."

हवेतलं! यात तथ्य आहे, म्हणूनच ही सबब भारी. टाकी अर्धी रिकामी असली की दिवसा तापते, रात्री निवते, आतल्या हवेतली वाफ पत्र्याला धरते आणि थेंब खाली उतरतात. थेंब. बोटभर नाही. हवेतून परस्पर बोटबोट पाणी पडत असतं तर मराठवाड्याला टँकर लावायची वेळ का आली असती? सरकारनं प्रत्येक गावात डिझेलची एक रिकामी टाकी उभी केली असती की.

तिथून शोरूमला. तिथे भाषा एकदम इंग्रजी वळणाची आणि स्वर धीरगंभीर. इंधनात पाणी आढळलं, सबब वॉरंटी लागू नाही. पंप म्हणतो आमच्याकडचं नाही. डेपो म्हणणार टँकर सीलबंद निघाला. शोरूम म्हणतं इंजिनाचा दोष नाही. नेति नेति! उपनिषदातल्या ब्रह्माला लावायची पद्धत डिझेलातल्या पाण्याला लावली, तर निष्कर्ष एकच निघतो. पाणी स्वयंभू आहे. त्याला मायबाप नाही. बिल मात्र माझ्या नावावर.

भेसळीला निदान आरोपी असतो. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीला तेलमाफियांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं, तेव्हा राज्यभर धाडी पडल्या. एवढं व्हावं लागलं. हलगर्जीपणातून शिरणाऱ्या पाण्यावर कोण धाड घालणार? पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण नीट बसत नाही, पावसाचं पाणी झिरपतं, तळ साफ होत नाही. यात कुणी माफिया नाही. नुसता कंटाळा आहे. त्यावर कुठलं कलम लावाल?

आणि पंपावर फलक केवढा! बीएस-6. 1 एप्रिल 2020 पासून देशभर, गंधक दशलक्षात फक्त 10 भाग. वा! मानकात पाण्यालाही मुभा आहे, किलोमागे 200 मिलिग्रॅम. माझ्या बाटलीला हे मानक वाचता आलं नसावं. नव्या गाड्यांत डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबानं इंजेक्टरमधून जातं, डिझेलच तिथलं वंगण. पाण्याला वंगणाचं काम येत नाही. जुना ट्रॅक्टर खोकून सांगतो तरी, नव्या गाडीचा इंजेक्टर थेट मान टाकतो. इंधन इतकं शुद्ध, इंजिन इतकं नाजूक आणि दोघांच्या मधे ती पावसाळी झाकणाची टाकी.

यात बायोडिझेल यायचं होतं. 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के जैवइंधनाचा संकल्प होता. आठवतं ना, मोगली एरंड लावा, बांधावर पैसा उगवेल? एरंड उगवला, बाकीचं राहिलं. बायोडिझेल डिझेलपेक्षा कैक पट पाणी धरतं आणि या बुरशीला ते जास्तच रुचतं. सरकारी योजना फसल्यामुळे नुकसान झालेला लाभार्थी म्हणून मी त्या बुरशीचं नाव सुचवतो.

आता आपल्यातले शहाणे. पेरणी झाली की ट्रॅक्टर पाव टाकीवर उभा करायचा तो सोयाबीन काढणीपर्यंत. डिझेलचा कॅन वळचणीला, झाकणाच्या जागी चिंधी. ड्रेन स्क्रू कंपनीनं शोभेला दिलाय अशी समजूत. मग ऐन मळणीत फिल्टर चोंदतो, वर ढग भरून येतात आणि आपण तालुक्याला जाऊन "मायलेज वाढवणारी" रंगीत बाटली आणून टाकीत ओततो. अहो, जंतू मारणारं खरं औषध टाकलं तरी मेलेले जंतू फिल्टरलाच जाऊन बसतात, आणि तळाचं पाणी तिथेच राहिलं तर पुढची पिढी येतेच. आधी पाणी काढा, मग औषधाचं बघू.

आणि पंपावर एक गोष्ट मागा. डिपरॉडला पाणी दाखवणारी पेस्ट लावून टाकीत सोडायला सांगा. तळाला पाणी असेल तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. ही तपासणी पंपवाल्यानं रोजच करायची असते. आपल्यासमोर एकदा केली तर त्याचं काय बिघडतं? टँकर खाली होत असेल तर तेव्हा भरू नका, तळ ढवळलेला असतो. पावती घ्या, जपून ठेवा. मॅनेजर म्हणतील, साहेब मागे रांग लागलीय. लागू द्या. रांगेतल्यांनाही दाखवा म्हणावं.